‘पेंदेहो’ म्हणजे केवळ ‘मूर्ख’ नव्हे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी भाषांतील शब्दांची ओळख करून देणारी जी छोटी चौकट असते, तिच्यात अलीकडे स्पॅनिशमधील एका शिवीचा परिचय आला होता. शब्द ‘पेंडेजो’ असा छापला होता आणि त्यापुढे ‘मूर्ख’ एवढा एकच अर्थ दिला होता. शिवीलाही शब्द म्हणून चौकटीत जागा मिळाली याचा मला आनंदच झाला. परंतु त्या दोन ओळींत उच्चार चुकला आहे आणि अर्थही अपुरा आहे. मेक्सिकोच्या आणि अर्जेंटिनाच्या मालिका आपल्याकडील प्रेक्षक उपशीर्षकांसह पाहू लागले असल्यामुळे हा अपुरेपणा चौकटीपुरता राहत नाही, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

आधी उच्चाराविषयी. स्पॅनिशमधील ‘द’ दंत्य आहे, आपल्या ‘दात’मधल्यासारखा, तिथे ‘ड’ नाही. आणि या शब्दात जे अक्षर इंग्रजी वाचणाऱ्याला ‘ज’ वाटते, ते स्पॅनिशमध्ये घशातून घासत येते. मेक्सिकोत ते ‘ख’कडे झुकते, तर क्यूबा, व्हेनेझुएला, कोलंबिया या प्रदेशांत ते जवळजवळ आपला ‘ह’च असते. देवनागरीत ‘पेंदेहो’ असे लिहिले की मूळ उच्चाराच्या पुष्कळच जवळ जाता येते. द आणि ड यांच्यासाठी वेगवेगळी अक्षरे असलेल्या लिपीत आपण इंग्रजीच्या वाटेने जाऊन ‘पेंडेजो’ लिहावे, हे मला उगीचच ओढवून घेतलेले दारिद्र्य वाटते. स्त्रीलिंगी रूप ‘पेंदेहा’ आणि अनेकवचन ‘पेंदेहोस’.

आता मूळ अर्थ. स्पॅनिश भाषेची अकादमी 1713 साली माद्रिदमध्ये स्थापन झाली आणि तिचा कोश आजही प्रमाण मानला जातो. त्या कोशात या शब्दाची व्युत्पत्ती लॅटिन ‘पेक्तेन’पासून दिली आहे. ‘पेक्तेन’ म्हणजे कंगवा, आणि त्याचाच लक्षणेने झालेला दुसरा अर्थ जननेंद्रियावरचा केसाळ भाग. त्याच मुळापासून कंगव्यासाठीचा ‘पेइने’ हा अत्यंत सभ्य शब्द स्पॅनिशमध्ये आला आणि त्याच मुळाच्या लघुत्वदर्शक रूपापासून ‘पेंदेहो’ आला. म्हणजे एक भावंड आरशासमोर जाऊन बसले आणि दुसऱ्याला घरात नाव घ्यायचीही बंदी झाली. ‘पेंदेहो’चा वाच्यार्थ गुह्य भागावरचा केस एवढाच आहे. असा केस म्हणजे क्षुल्लक, कवडीमोलाची वस्तू, ही कल्पना आपल्याला मुळीच परकी वाटू नये. मराठीतही त्याच केसावरून तुच्छतेची एक शिवी आहेच, ती इथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

गंमत पुढे आहे. ‘कवडीमोल’ या एका बिंदूपासून निघालेला हा शब्द अटलांटिक ओलांडून गेल्यावर देशोदेशी वेगवेगळ्या दिशांना गेला, आणि आज स्पॅनिश ही मातृभाषा असलेली दोन माणसे एकमेकांना हाच शब्द वापरून परस्परविरोधी गोष्टी सांगू शकतात. हे मला पुस्तकातून कळण्याआधी फजितीतून कळले. माझे स्पॅनिशचे शिक्षक अर्जेंटिनाचे होते. त्यांच्या बोलण्यात ‘पेंदेहो’ दर दहा मिनिटांनी येत असे आणि त्याचा अर्थ ‘पोर’, ‘पोरगेलेसा मुलगा’ असाच असे. पुढे एका कंपनीसाठी दुभाष्याचे काम करीत असताना मेक्सिकोहून आलेल्या पाहुण्यांना आमच्या चमूची ओळख करून देण्याची वेळ आली. ही सगळी तरुण पोरे आहेत, असे कौतुकाने सांगण्याच्या भरात मी त्या आठ अभियंत्यांचा उल्लेख ‘पेंदेहोस’ असा केला. पाहुण्यांपैकी वयस्कर बाईंनी भुवया उंचावल्या, त्यांच्या शेजारच्या गृहस्थांना खोकला आला, आणि नंतर चहाच्या वेळी त्यांनीच मला बाजूला घेऊन, मी नुकतेच आठ माणसांना त्यांच्या तोंडावर बिनडोक म्हटले आहे, हे अतिशय सौजन्याने समजावून दिले. त्या आठांपैकी एकालाही स्पॅनिश येत नव्हते, हे माझे नशीब.

मेक्सिकोत या शब्दाचा पहिला अर्थ मूर्ख हाच आहे, त्यामुळे आपल्या चौकटीतील नोंद मेक्सिकोपुरती खोटी नाही. पण तिथेही ती ढोबळ आहे. मूर्खपणाच्या शिव्यांची मेक्सिकोत एक उतरंड आहे. ‘मेन्सो’ हा शब्द आई मुलाला लाडाने रागावताना वापरू शकते, आपल्या ‘वेडाबाई’, ‘खुळ्या’सारखा. ‘तोन्तो’ त्याहून कोरडा, पण चारचौघांत चालणारा. ‘पेंदेहो’ मात्र जेवणाच्या टेबलावर आजीसमोर उच्चारला तर आजी चमचा खाली ठेवील. म्हणून ‘मूर्ख’ या सौम्य, पाठ्यपुस्तकी शब्दाने त्याचे भाषांतर केले की शिवीतील सगळी आग निघून जाते. मराठीत त्याची जागा घेणारे शब्द प्रसंगानुसार ‘बिनडोक’, ‘अक्कलशून्य’ किंवा वर्तमानपत्रात छापता येणार नाहीत असे काही असतील.

शिवाय मेक्सिकन माणूस हा शब्द नाम म्हणून वापरून थांबत नाही, तो त्याचे क्रियापद करतो, क्रियाविशेषण करतो, भाववाचक नाम करतो. मूर्खपणाची कृती म्हणजे ‘पेंदेहादा’, आणि फालतू, किरकोळ गोष्टीलाही ‘पेंदेहादा’च म्हणतात. भान हरपून, तंद्रीत जाऊन घोळ घालणे म्हणजे ‘आपेंदेहार्से’. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे आहेत, एक स्वभावासाठी आणि दुसरे तात्पुरत्या अवस्थेसाठी, हे भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात सांगितले जाते. ती दोन्ही या शिवीबरोबर येतात. ‘एस पेंदेहो’ म्हणजे तो जन्मजातच तसा आहे, त्याचा इलाज नाही, ‘एस्तास पेंदेहो?’ म्हणजे तुझे डोके ठिकाणावर आहे ना, वेड लागले का तुला? दुसऱ्या वाक्यात माणसाची अक्कल मान्य करूनच त्याला झापलेले असते, आणि मित्रामित्रांत तर त्यात अपमान औषधालाही नसतो.

यातला माझ्या सर्वांत आवडीचा प्रयोग म्हणजे ‘आसेर्से पेंदेहो’. शब्दशः पाहिले तर ‘स्वतःला पेंदेहो करून घेणे’, पण खरा अर्थ सगळे कळत असूनही काहीच न कळल्याचा आव आणणे. उसने पैसे परत करण्याची आठवण दिली की ज्याला अचानक ऐकू येईनासे होते, त्याच्याविषयी मेक्सिकोत हे म्हणतात. मराठीत याला ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा इतका चपखल वाक्प्रचार तयार आहे की दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच माणसाचे चित्र काढावे याचे नवल वाटते. मात्र एका इंग्रजी उपशीर्षकावरून केलेल्या मराठी उपशीर्षकात हेच वाक्य ‘मूर्ख बनू नकोस’ असे आलेले मी पाहिले आहे. पडद्यावरील पात्र समोरच्याला म्हणत होते की तुला सगळे ठाऊक आहे, नाटक करू नकोस. आणि मराठी वाचणाऱ्याला कळले की याला काहीच ठाऊक नाही. अर्थ नुसता निसटला नाही, तर उलटला.

दक्षिणेकडे अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांत गेलो की चित्र पालटते. तिथे ‘क्वान्दो एरा पेंदेहो’ असे एखादे सत्तर वर्षांचे गृहस्थ म्हणाले तर त्याचा अर्थ ‘मी लहान होतो तेव्हा’ एवढाच असतो. हेच वाक्य मेक्सिकन कानाला ‘मी मूर्ख होतो तेव्हा’ असे ऐकू येते, आणि आत्मचरित्र सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याला आदरही वाटू शकतो. लहान मुलाला हा शब्द कसा चिकटला, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की ज्याला नुकते कुठे ते केस फुटू लागले आहेत असा वयात येणारा पोरगा तो पेंदेहो. स्वर चढला की तिथेही ती शिवीच होते, पण ती अकलेची नसून वयाची शिवी असते: आपल्या ‘कार्टं’, ‘शेंबडं पोर’ यांच्या जातीची. प्रौढ माणसाला तिथे पेंदेहो म्हटले तर त्याच्या बुद्धीवर नव्हे, पोरकटपणावर बोट ठेवलेले असते. वय विसरून तरुणांचे कपडे आणि तरुणांची भाषा वापरणाऱ्या माणसासाठी तर त्यांनी ‘पेंदेहो’ आणि म्हातारा या अर्थाचा ‘व्येहो’ हे दोन शब्द सांधून ‘पेंदेव्येहो’ असा एक खास जोडशब्द घडवला आहे. चिलीतही पोराटोरांसाठी हा शब्द चालतो.

पेरूमध्ये मात्र मेक्सिकोतल्या अर्थाची अगदी उलटी बाजू आहे. तिथला पेंदेहो हा मूर्ख नसून धूर्त, आतल्या गाठीचा, दुसऱ्याच्या हातावर तुरी देणारा माणूस असतो. आपल्याकडे ‘बेरकी’ या शब्दात जे नापसंती आणि दाद यांचे मिश्रण आहे, तेच त्यात आहे. साहजिकच पेरूमधली ‘पेंदेहादा’ ही मूर्खपणाची कृती नसते, ती कुणाला तरी गंडवणारी चलाखी असते. एकाच शब्दाने मूर्ख आणि धूर्त अशी दोन टोके कशी धरली असतील? मला पटणारा तर्क वर सांगितलेल्या पेडगावच्या वाटेनेच जातो: जो मूर्ख असल्याचे सोंग घेतो तो मूर्ख नसतो, आणि सोंगाचे नाव हळूहळू सोंगाड्याला पडते. हा माझा अंदाज आहे, कोशाचा निर्वाळा नव्हे. पण आपण स्वतः ‘शहाणा’ हा शब्द शिवीसारखा वापरतो, तेव्हा अर्थ असे कोलांटउडी मारू शकतात हे आपल्याला तरी कुणी पटवून द्यायला नको.

याच पेरूमध्ये शब्दाचे लिंग बदलले की अर्थही बदलतो, आणि ही गोष्ट मला गंमतीची वाटत नाही. पुरुषाला पेंदेहो म्हटले तर तो चतुर ठरतो. स्त्रीला पेंदेहा म्हटले तर तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडतात. अर्जेंटिनात ‘पेंदेहा’ म्हणजे तरुण मुलगी, मेक्सिकोत मूर्ख बाई, आणि पेरूमध्ये बदफैली. दुभाष्याने इथे चूक केली तर ती माझ्यासारखी चहाच्या पेल्यात विरघळून जाणार नाही.

क्यूबात या शब्दाचा रोख भित्रेपणावर असतो. हा खरे तर जुना अर्थ आहे. स्पेनमध्येही भेकड, नेभळट या अर्थाने तो वापरात होता आणि अकादमीच्या कोशात आजही तो अर्थ नोंदलेला आहे. स्वतः स्पेनमध्ये आज रोजच्या बोलण्यात ‘पेंदेहो’ फारसा आढळत नाही. तिथले लोक ‘हिलिपोयास’ वगैरे आपल्या घरच्या शिव्या वापरतात. माहेरी विसरल्या गेलेल्या शब्दाचा सासरी एवढा मोठा संसार व्हावा, असे हे उदाहरण.

फिलिपिन्समध्ये स्पेनची सत्ता 1565 ते 1898 अशी तीन शतकांहून अधिक काळ होती आणि त्यातील मोठा काळ तिथला कारभार मेक्सिकोमार्फत चालत असे. अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये चांदी-रेशमाची जहाजे जात-येत. त्या संबंधातून तागालोग भाषेत गेलेल्या असंख्य स्पॅनिश शब्दांत ‘पेंदेहो’ही आहे, आणि तिथे त्याचा अर्थ ज्याची बायको त्याला फसवते असा नवरा, एवढा नेमका झाला आहे. स्पॅनिशमध्ये त्या अर्थाची शिवी वेगळीच आहे, ‘काब्रोन’, म्हणजे शब्दशः बोकड.

व्हेनेझुएलातील कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. तिथे पेंदेहो म्हणजे भोळसट, ज्याला जगाचे टक्केटोणपे कळत नाहीत असा. आर्तुरो उस्लार पिएत्री (1906–2001) हे त्या देशातील थोर कादंबरीकार आणि विचारवंत. दूरचित्रवाणीवरील व्याख्यानांमुळे ते घराघरांत ओळखीचे होते आणि एकदा अध्यक्षपदाची निवडणूकही त्यांनी लढवली होती. 1989 साली, सरकारी पैशाच्या लुटीचे एकेक प्रकरण बाहेर येत असताना, या वयोवृद्ध आणि अत्यंत सभ्य गृहस्थांनी जाहीरपणे अशा आशयाचे विधान केले की, चोरी करणाऱ्याला जिथे काहीच शिक्षा होत नाही त्या देशात चोरी न करणारे आपण सगळे पेंदेहो ठरतो. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून हा शब्द आल्यामुळे खळबळ उडाली. पण लोकांनी तो शब्द उचलून धरला, आणि काराकासमध्ये ‘पेंदेहोंचा मोर्चा’ या नावाने मोर्चा निघाला. शिवी देणारा आणि शिवी घेणारा एकच झाला, आणि ‘पेंदेहो’ म्हणजे प्रामाणिक नागरिक असा अर्थ निदान काही काळ तरी त्या शब्दाला लाभला. तिथे ‘आम्ही मूर्ख आहोत’ असे भाषांतर केले तर वाचकाला त्या मोर्चाचे कारणच कळणार नाही. ‘भाबडे’ हा शब्द कदाचित जवळचा ठरेल, पण त्यातही तो उपहास उतरत नाही.

हा एकट्या ‘पेंदेहो’चा स्वभाव आहे असेही नाही. अर्जेंटिनात मूर्खासाठीची शिवी ‘बोलूदो’ ही आहे आणि तिचेही मूळ शरीराच्या त्याच परिसरात, म्हणजे अंडकोशांत आहे. तरुण मुले मात्र एकमेकांना हाक मारताना ती ‘अरे’, ‘लेका’ यांच्यासारखी वाक्यावाक्याला पेरतात. 2013 साली पनामातील स्पॅनिश भाषा परिषदेच्या निमित्ताने एका स्पॅनिश दैनिकाने प्रत्येक देशाच्या एकेका लेखकाला आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करणारा शब्द निवडायला सांगितला, तेव्हा अर्जेंटिनाचे कवी हुआन हेलमान यांनी ‘बोलूदो’ हा शब्द निवडला. हेलमान यांना 2007 साली स्पॅनिशमधील सर्वोच्च असा सेर्व्हांतेस पुरस्कार मिळाला होता, आणि ते तेव्हा अनेक वर्षे मेक्सिकोत राहत होते. दोन्ही देशांच्या शिव्यांमधील अंतर त्यांना माझ्यापेक्षा निश्चितच अधिक ठाऊक असणार. त्याआधी 2004 साली अर्जेंटिनातील रोसारियो येथे भरलेल्या अशाच परिषदेत व्यंगचित्रकार आणि लेखक रोबेर्तो फोंतानारोसा यांनी भाषापंडितांसमोर ‘वाईट शब्दां’साठी सार्वत्रिक माफी मागितली होती, म्हणजे कैद्यांना देतात तशी. एखाद्याला मठ्ठ म्हणणे आणि ‘पेलोतूदो’ म्हणणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्या शिवीचे सगळे बळ तिच्यातील ‘त’ या वर्णात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. देवनागरीत लिहिताना त्याचा ‘ट’ करू नये, हे माझे त्यावरील टिपण.

या सगळ्याचा आपल्या चौकटीशी संबंध एवढाच की शिवीचा अर्थ सांगताना ‘कोणी, कुठे, कोणाला’ हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज नोंद पुरी होत नाही. अकादमीचा कोश हे कसोशीने करतो. तिथे एकेका अर्थापुढे देशांची संक्षिप्त नावे असतात आणि शब्द कानाला असभ्य लागतो अशी सूचनाही. जागा दोनच ओळींची असली तरी त्या दोन ओळींत देशांची नावे मावतात. माझी सूचना अशी आहे की येत्या एखाद्या रविवारी ही नोंद पुन्हा छापावी आणि ती साधारण अशी असावी: ‘पेंदेहो: मेक्सिकोत बिनडोक, अर्जेंटिना व उरुग्वेत पोरगा, कार्टं, पेरूत बेरकी, मात्र स्त्रीलिंगी रूप बदनामीकारक, क्यूबात भेकड, व्हेनेझुएलात भोळसट. असभ्य शब्द, परक्याशी बोलताना टाळावा.’ आणि जमल्यास पुढच्या चौकटीत ‘बोलूदो’ घ्यावा. त्याच्या उच्चाराविषयी शंका आल्यास मी आनंदाने मदत करीन.

आपला,
स्पॅनिशचा एक विद्यार्थी आणि आपला नियमित वाचक